सुताच्या गावातली मेणबत्ती

अंजूरफाट्याला रिक्षा थांबते ती थांबतेच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, फटीफटीतून दुचाक्या. दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे आणि भिवंडीच्या गोदामांतला सगळा माल जणू याच रस्त्याने बाहेर पडतोय. रिक्षावाला इंजिन बंद करतो, रुमालाने मान पुसतो. "चालत जा साहेब, लवकर पोचाल." खरंच आहे. नारपोली इथून पायी काही फार नाही.

गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो. खटखट, खटखट, खटखट. पत्र्याच्या भिंतींआड माग चालू आहेत. एका उघड्या दारातून आतलं दिसतं. ट्यूबलाइटच्या उजेडात बनियनमधला कारागीर दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेने फिरतोय. नजर धाग्यावर, हात तुटलेलं टोक शोधतोय. दाराशी ताग्यांची चळत. हवेत तरंगणारी तुसं घामेजल्या हातांवर येऊन बसतात. दोन बोळ ओलांडले की आवाज तोच राहतो, वास बदलतो. जड, किंचित गोडसर, रॉकेलच्या जवळचा. तापलेल्या मेणाचा.

गाळा लहान आहे. पूर्वी इथेही माग होते. कापून टाकलेल्या बोल्टांची टोकं कोब्यातून अजून वर आलेली दिसतात. नवख्या माणसाला ठेच लागते, इथली पोरं न बघता त्यांना वळसा घालून चालतात. वर पत्रा, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत दोन शेगड्या. एक पंखा आहे, पण तो बंद. मेण ओतताना वारा चालत नाही.

भिंतीशी गोण्या रचल्या आहेत. मालक एक उसवतो आणि लादी बाहेर काढतो. पांढरी, कडेला जराशी पारदर्शक, उचलायला पाचेक किलोची. तो तिच्यावर अंगठ्याचं नख दाबतो. "हे फुल रिफाइन. नख बघा, रुतत नाही. सेमी घेतलं तर स्वस्त पडतं, पण त्यात तेल राहतं. उन्हात माल घाम सोडतो, पाकिटातच वाकतो." हे मेण मधमाशीचं नव्हे. खनिज तेल शुद्ध करताना निघणारं पॅराफिन आहे. आसामात दिग्बोईला १९०१पासून शुद्धीकरण कारखाना चालू आहे, तिथे ते निघतं, परदेशातूनही येतं. तेलाचा भाव वर गेला की याचाही जातो. मालकाला बातम्यांतलं आखाती राजकारण तोंडपाठ आहे, ते उगाच नाही.

लादी फोडून तुकडे टोपात पडतात. हा टोप दुसऱ्या मोठ्या टोपात बसवलेला आहे, मधे पाणी. थेट आचेवर मेण ठेवायचं नाही हा इथला पहिला नियम. हे मेण ५८ ते ६० अंशांना वितळतं. ते दुधासारखं उतू जाऊन इशारा देत नाही; तापत राहतं, धुरावतं आणि दोनशे अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतं. पेटलंच तर झाकण घालायचं, वाळू टाकायची. पाणी टाकलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण उडून छताला लागतं. दाराशी वाळूच्या दोन बादल्या आहेत. एकीत कुणीतरी विडी विझवून ठेवली आहे. मालक ती उचलून बाहेर फेकतो आणि कुणाचंही नाव न घेता शिवी हासडतो.

वितळलेल्या मेणात मूठमूठ पांढरे खवले पडतात. स्टीअरिक ॲसिड. इथे सगळे त्याला 'इस्टेरिक' म्हणतात. त्याने मेणबत्ती टणक होते, जास्त पांढरी दिसते आणि साच्यातून सुटायला सोपी जाते. रंग हवा असेल तर तो तेलात विरघळणाराच लागतो. रांगोळीचा किंवा खाण्याचा रंग टाकला तर तो तळाशी बसतो नाहीतर वातीत जाऊन अडकतो.

साचा ॲल्युमिनियमचा आहे, बिजागरीवर उघडणारा. आत अर्ध्या अर्ध्या नळ्यांच्या रांगा. एक पोरगा तेलाचं फडकं आतून फिरवतो. दुसरा वात ओवतो: वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली. प्रत्येक नळीच्या बरोबर मधोमध आणि ताठ. मग साचा मिटतो, चाप आवळले जातात, जगमधून मेण ओतलं जातं. ओतताना कुणी बोलत नाही. साचा पाण्याच्या हौदात उतरतो.

आता थांबायचं. चहा येतो.

कपातला चहा संपेतो साच्याच्या तोंडाशी खळगे पडलेले असतात. मेण थिजताना आकसतं, साधारण दहावा हिस्सा तरी. म्हणून दुसऱ्यांदा थोडंथोडं ओतायचं. हे दुसरं ओतणं जो कारखाना टाळतो त्याची मेणबत्ती आतून पोकळ राहते. जळत जळत ती मधेच खचते आणि गिऱ्हाइक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातं.

चाप सुटतात. साचा उघडतो. पांढऱ्या कांड्यांची रांग कोमट निघते, एकमेकींना वातीने बांधलेली. सुरीने वाती कापल्या जातात. बुडं तापल्या तव्यावर टेकवून सपाट केली जातात, चर्र आवाज होतो आणि तव्यावरून मेणाचा ओघळ पुन्हा टोपात. वाया काही जात नाही. जमिनीवर सांडलेलंही खरवडून वेगळ्या डब्यात पडतं. त्याच्या रंगीत पणत्या होतात.

वातीचं रीळ मी हातात घेतो. वेणी घातलेलं, चपटसर, बोटांना किंचित खरखरीत. भोवताली लाखांनी माग, गल्लोगल्ली धागा, आणि ही वात मात्र बाहेरून येते. असं का, या प्रश्नावर मालक काही सांगत नाही. उठतो, शेजारच्या कारखान्यातून बोटभर धागा आणतो आणि काडी ओढतो. धागा पेटत नाही, आकसतो. टोकाला काळा मणी तयार होतो आणि टपकन गळतो. पॉलिएस्टर. इथल्या मागांवर बराचसा हाच चालतो. तो वितळतो, मेण वर ओढत नाही. मग मालक रिळातली वात पेटवतो. ती शांत जळते, टोक एका बाजूला वाकतं आणि राख होऊन गळतं.

ते वाकणंच महत्त्वाचं. पूर्वी वात नुसती पिळाची असायची. जळकं टोक ज्योतीत उभं राहायचं, काजळी धरायचं आणि दर थोड्या वेळाने कात्रीने छाटावं लागायचं. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये वेणीची वात निघाली. एका अंगाने ताण जास्त असल्याने ती कलते, टोक ज्योतीबाहेर येतं आणि आपोआप जळून जातं. क्षाराच्या पाण्यात भिजवून वाळवली की राख आणखी नीट होते. मेणबत्ती बारीक असेल तर वात बारीक, जाड असेल तर जाड. जाड वात बारीक मेणबत्तीत घातली तर धूर. बारीक वात जाड मेणबत्तीत घातली तर ती आपल्याच मेणाच्या तळ्यात बुडते. गिऱ्हाइक रंग बघतं, वास घेतं, वात कुणी बघत नाही. मला विचाराल तर मेणबत्तीचे निम्मे पैसे वातीचेच असतात.

कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही साचे आहेत. एक उघडून दाखवतात. लहान मुलाचा हात. दुसऱ्यात पाय, तिसऱ्यात घर, चौथ्यात बाळ. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेसाठी. सप्टेंबरात ती आठवडाभर भरते. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं तो घर. परदेशी जायचं असेल तर हल्ली विमानही. हे साचे आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेल लावून झोपलेले.

बाहेर ओट्यावर तिघी बायका पाकिटं भरताहेत. सहा कांड्या, कागदाची गुंडाळी, डिंकाचं बोट, पुढचं. मधली म्हातारी गावातलीच, आगरी. आयुष्यभर कांड्या भरल्या, म्हणजे मागाच्या. आता या भरते. हिशेब पाकिटावर. ती मान वर न करता बोलते. "लाइट जायची तवा बरा व्हता धंदा." मालक हसतो. "तेव्हा लाइट गेली की आमची दिवाळी." भारनियमनाची ती वर्षं इथे कुणी विसरलेलं नाही. माग एकदम थांबायचे, गल्लीभर शांतता, आणि दुकानात मेणबत्त्यांना रांग. २००७च्या जानेवारीत शहराचं वीजवितरण खासगी कंपनीकडे गेलं. बिलांवरून भांडणं सुरू झाली ती आजही चालू आहेत, पण अंधाराचे तास कमी झाले. मेणबत्तीला दुसरी कामं शोधावी लागली.

ती कामं नाक्यावरच्या दुकानात दिसतात. संध्याकाळचे सहा. फळीवर गर्दी आहे, रांग म्हणावी तर नाही, पण आपला नंबर कुठला हे प्रत्येकाला ठाऊक. वर काचेच्या बरण्यांतल्या सुगंधी, सोयाच्या मेणाच्या. ते मेण मऊ, म्हणून बरणी लागतेच. खाली ॲल्युमिनियमच्या वाटीतल्या टी-लाइट. बारा ते पंधरा ग्रॅम मेण, चारेक तास उजेड. शेजारी पसरट तोंडाच्या तरंगत्या. पारदर्शक जेलच्या, आत शिंपले. वाढदिवसाचे आकडे एका डब्यात खचाखच. एक मुलगा त्यात हात घालून शोधतोय. "काका, आठ नाही?" "तीन दोन घे, जोडून आठ कर." मुलाला ते पटत नाही. पुढची बाई टी-लाइट उचलून विचारते, "ही कवऱ्याला?" भाव ऐकून ठेवते, पुन्हा उचलते. कॉलेजच्या दोन मुली बरण्यांची झाकणं उघडून नाक लावताहेत. न पेटवता घेतलेला वास फसवा असतो. थंड मेणातून मोगरा घमघमतो आणि पेटवल्यावर त्याच मेणाचा नुसता धूर येतो. दर्ग्यावर निघालेले एक चाचा अगरबत्तीबरोबर दोन पाकिटं पांढरी घेतात, सुट्टे पैसे मोजून ठेवतात.

मग एक ताई पुढे येतात. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. विहारासाठी हव्या आहेत. दर रविवारच्या वंदनेला लागतात, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मोठ्या संख्येने. आत्ता थोड्या, डिसेंबरसाठी ऑर्डर. काका सवयीने सुगंधी खोका पुढे सरकवतात. "त्या नकोत. साध्या पांढऱ्या दाखवा." पाकीट येतं. ताई ते उघडतात, दोन कांड्या एकमेकींवर आपटून आवाज ऐकतात. बूड उलटं करून बघतात, वात मधोमध आहे का. मग म्हणतात, "एक पेटवून दाखवा. मागच्या वेळच्या सगळ्या एका बाजूने वाहून गेल्या."

"ताई, ते पंख्याने. मेणबत्तीचा काय दोष?"

"मग पंखा बंद करा."

काका बटण दाबतात. मेणबत्ती फळीवर उभी राहते. ज्योत आधी लहान होते, मग उंच, मग स्थिर. वातीभोवती मेणाची तळी हळूहळू काठापर्यंत जाते आणि काठावरच थांबते. धूर नाही. टोक कललं आहे. ताई वाकून बघताहेत, घाई अजिबात नाही. मागे आठ-दहा माणसं घामाने निथळताहेत.

"बरोबर आहे. हीच द्या. पण पाकिटं खालच्या थरातली, वरची उन्हाने वाकलेली असतात."

काका खोका उलटा करतात. मागून आवाज येतो, "काका, आता तरी पंखा लावा!"