खताची मात्रा, उत्पन्नाची कमान आणि मध्यापासूनची मोजणी

वसई-विरारच्या पट्ट्यात केळी, फुले व भाजीपाला यांच्या बागांबरोबर खरिपात भातही पिकते. भातास नत्र दिल्याने उत्पन्न वाढते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही वाढ सारख्या गतीने होत नाही. प्रथम ती झपाट्याने होते, पुढे मंदावते, आणि मात्रा अतिरेकी झाल्यास पीक लोळून किंवा करप्यास बळी पडून उत्पन्न उलट घटते. मात्रा व उत्पन्न यांचे नाते सरळ रेषेचे नसून कमानीचे असते. हे नाते आकड्यांत मांडताना एक साधी दक्षता न घेतल्यास शेतकऱ्यास चुकीचा सल्ला जाण्याचा संभव असतो.

शून्यापासून मोजल्यास

केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. हेक्टरी ०, ४०, ८०, १२० व १६० किलो नत्र दिलेल्या वाफ्यांत हेक्टरी अनुक्रमे २४, ३३, ३८, ३९ व ३६ क्विंटल भात आले असे समजा. ४० किलोंस एक माप म्हटले, तर मात्रा ०, १, २, ३ व ४ मापे होतात. समाश्रयणाने पुढील सूत्र मिळते :

उत्पन्न = २४ + (११ × माप) − (२ × मापाचा वर्ग)

यावरून ‘दर मापास ११ क्विंटल वाढ’ असे सांगणे ही दिशाभूल होय. वाढीचा हा वेग नत्र मुळीच न दिलेल्या ठिकाणचा आहे. शिवाय माप व त्याचा वर्ग बरोबरीने वाढतात. त्यांचा सहसंबंध येथे ०.९६ आहे. एका जुवाखालच्या दोन बैलांपैकी कोणी किती ओढले हे सांगणे जसे कठीण, तसेच हे आहे.

मध्यापासून मोजल्यास

प्रथम मापांची सरासरी काढावी. ती २, म्हणजे ८० किलो येते. प्रत्येक मापातून ती वजा करावी : −२, −१, ०, १, २. त्यानंतरच वर्ग करावेत : ४, १, ०, १, ४. आता सहसंबंध शून्य होतो आणि सूत्र असे येते :

उत्पन्न = ३८ + (३ × अंतर) − (२ × अंतराचा वर्ग)

३८ हे ८० किलो मात्रेचे उत्पन्न आणि ३ हा त्याच ठिकाणचा, दर मापामागे वाढीचा वेग होय. मात्रांमधील अंतरे असमान असल्यास सहसंबंध अगदी शून्य होत नाही, पण बहुधा पुष्कळ कमी होतो.

ध्यानात ठेवण्याजोगे

कमान मात्र तीच राहते. दोन्ही सूत्रांनी सर्वाधिक उत्पन्न ११० किलोंपाशी, सुमारे ३९ क्विंटल, येते. या रीतीने नवा पुरावा मिळत नाही. हाती असलेला पुरावा नीट वाचता येतो. वजा केलेली सरासरी नोंदवहीत अवश्य लिहावी. अन्यथा दुसऱ्या कार्यकर्त्यास सूत्राचा अर्थ लागणार नाही.

सर्वाधिक उत्पन्न म्हणजे सर्वाधिक नफा नव्हे. वरील उदाहरणात ८० वरून १२० किलोंवर गेल्यास केवळ १ क्विंटल भात अधिक मिळते, आणि त्यासाठी सुमारे ८७ किलो युरिया लागतो. हा हिशेब शेतकऱ्यासमोर मांडावा, आणि प्रत्यक्ष मात्रा माती परीक्षण व स्थानिक शिफारस पाहूनच ठरवावी.