दिलीप परुळकर : एक निश्चयी वैमानिक

धुळ्याजवळील गोंदूरच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने आकाशात झेपावतात, तेव्हा शेतात काम करणारी माणसे क्षणभर मान वर करून पाहतात. जळगावच्या मुलांनाही हे दृश्य परिचयाचे आहे. ते पाहून आपणही वैमानिक व्हावे, असे कित्येकांच्या मनात येते. परंतु सैनिकी वैमानिकाला केवळ विमान चालविता येऊन भागत नाही. युद्धात कधी कधी ते विमानच नाहीसे होते. अशा वेळी त्याच्यापाशी उरतात त्याचा निश्चय, त्याचे ज्ञान आणि त्याचे सोबती. एवढ्या भांडवलावर माणूस काय करू शकतो, हे महाराष्ट्राच्या एका वैमानिकाने दाखवून दिले. त्यांचे नाव दिलीप परुळकर.

परुळकर १९६३ साली भारतीय वायुसेनेत अधिकारी झाले. दोनच वर्षांनी भारत व पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. एका चढाईत शत्रूच्या माऱ्याने त्यांच्या विमानाला इजा झाली आणि त्यांचा उजवा खांदाही जखमी झाला. विमान सोडून हवाई छत्रीने उडी घ्यावी, असे त्यांच्या नायकाने सुचविले. पण परुळकरांनी ते घायाळ विमान सावधपणे तळावर परत आणले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

१९७१ साली पुन्हा युद्ध झाले. त्या वर्षी १० डिसेंबर रोजी परुळकरांचे सुखोई विमान शत्रूने पाडले. या वेळी मात्र उडी घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. छत्रीच्या साहाय्याने ते सुखरूप खाली उतरले. पण ती भूमी शत्रूची होती. ते युद्धकैदी झाले आणि रावळपिंडीच्या बंदिवासात जाऊन पडले. तेथे आणखीही भारतीय वैमानिक होते.

वैमानिक बेपत्ता झाल्याची बातमी येते, तेव्हा त्याच्या घरावर काय प्रसंग ओढवतो, याचीही कल्पना करावी. तो जिवंत आहे की नाही, हेच आधी कळत नाही. पुढे तो कैदेत असल्याचे समजते, तेव्हा त्याच दुःखात थोडे समाधान मिळते. मग एकेका पत्राची वाट पाहत महिने काढावे लागतात. सैनिकाचे शौर्य सर्वांना दिसते. घरच्यांचे धैर्य कोणाला दिसत नाही.

युद्ध चौदा दिवसांत संपले, परंतु कैद्यांच्या सुटकेचे चिन्ह दिसेना. शत्रूच्या हाती सापडलोच, तर निसटून जायचे, असे परुळकरांनी मनाशी पूर्वीच योजिले होते. मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी हे दोघे त्यांना येऊन मिळाले. कैद्याने पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठा गुन्हा ठरत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार, असा प्रयत्न फसला तर कैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते. तथापि, पहारेकऱ्याची गोळी करार पाहून सुटत नाही, हेही ते जाणून होते.

जावयाचे कोठे, हा पहिला प्रश्न होता. भारताची सीमा पूर्वेकडे होती. पण युद्धानंतर तेथे कडक पहारा होता आणि सुरुंगही पेरलेले होते. म्हणून त्यांनी पश्चिमेचा मार्ग निवडला. रावळपिंडीहून पेशावर हे अंतर धुळे-जळगावच्या सुमारे दुप्पट. तेथून खैबर खिंडीतून अफगाणिस्तानची सीमा गाठावयाची, असा त्यांचा बेत होता.

तयारी अनेक महिने चालली. चुंबकित सुईपासून होकायंत्र तयार झाले. वैमानिकांच्या विशिष्ट पोशाखात हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्या असतात. विमान वेगाने वळताना शरीरातील रक्त पायांकडे उतरू नये, म्हणून त्यांची योजना असते. याच पिशव्या पाणी नेण्यासाठी उपयोगी पडल्या. दिशा व स्थळे ठरविण्यासाठी एक शालेय नकाशासंग्रह होता. कोठडीची भिंत थोडीथोडी पोखरून निघालेला चुरा खाटेखाली लपविला जाई. इतर कैदी ही गोष्ट जाणून होते. पण कोणी अवाक्षर काढले नाही.

१२ ऑगस्ट १९७२ च्या वादळी रात्री तिघे भिंतीच्या भगदाडातून बाहेर पडले. पहाटे मोटार मिळवून ते पेशावरला पोहोचले आणि पुढे लंडीकोतल या गावी आले. आता सीमा अवघी काही मैल दूर होती.

नेमका तेथे घात झाला. नकाशात लंडीखाना नावाचे रेल्वेस्थानक दाखविले होते. त्यांनी त्याचा मार्ग विचारला. परंतु ते स्थानक १९३२ सालीच बंद झाले होते! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेले स्थानक शोधणारे हे लोक कोण, असा संशय आला. त्या काळी पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोकही याच वाटेने निसटत असत. तिघेही पकडले गेले. जुन्या माहितीवर विसंबल्याने केवढे श्रम वाया जाऊ शकतात, याचे हे उदाहरण होय.

ते हेर ठरते, तर जिवावरच बेतले असते. परुळकरांनी प्रसंगावधान राखून उस्मान हमीद या पाकिस्तानी अधिकाऱ्याशी दूरध्वनीवरून संपर्क साधण्याची विनंती केली. हमीद पूर्वी त्यांच्या बंदिवासाचे प्रमुख होते व कैद्यांशी सभ्यतेने वागले होते. हे आपलेच युद्धकैदी आहेत, असे त्यांनी सांगितले आणि तिघांचे प्राण वाचले. शत्रूच्या गणवेशातही माणुसकी असू शकते.

१ डिसेंबर १९७२ रोजी भारतीय वैमानिक वाघा येथे सीमा ओलांडून मायदेशी परतले. परुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदक मिळाले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी तरुण छात्रांना घडविले आणि ग्रुप कॅप्टन या पदापर्यंत ते पोहोचले. निवृत्तीनंतर पत्नी व दोन पुत्र अशा कुटुंबात पुण्यास राहून १० ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

तिघांना सीमा ओलांडता आली नाही, म्हणून त्यांचा प्रयत्न व्यर्थ गेला काय? तसे नव्हे. यश हे पुष्कळदा परिस्थितीच्या हाती असते. प्रयत्न मात्र आपल्या हाती असतो. चार भिंतींच्या आड, रोज थोडेथोडे काम करीत, त्यांनी आपल्या मनाला कैदी होऊ दिले नाही. खरे स्वातंत्र्य प्रथम मनात जपावे लागते, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.