ताल स्मरणात, वादक विस्मरणात

मुंबईच्या बड्या हॉटेलांतून १९३०च्या दशकात घुमलेला जॅझ पुढे हिंदी चित्रपटसंगीतात मुरला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा १९५१चा ‘अलबेला’ हे त्याचे ठळक उदाहरण. या परंपरेतील ड्रम-बाँगोवादक कावस लॉर्ड यांचा वारसा केर्सी आणि बुजी या पुत्रांनी चालविला. केर्सी २०१६ मध्ये निवर्तले. श्रेयनामावलीत संगीतकार झळकत, गायक झळकत. ज्याच्या हातांवर गाणे तोललेले असे, तो तालाचा धनी मात्र बहुधा अनामिकच राही. अशा वादकाची स्मृती त्याच्या स्नेह्यांच्या गप्पांतच जिवंत राहते आणि त्यांच्याबरोबरच लोपते. म्हणूनच हयात सोबत्यांनी कोणत्या गाण्यात कोणी वाजविले, हे आताच लिहून ठेवावे. दिवंगत मित्राचे याहून सार्थ स्मारक कोणते?