लोकप्रियतेचा असाही विनियोग

लोकप्रियता हे नटाचे भांडवल होय. बहुतेक नट या भांडवलाच्या व्याजावर जगतात आणि व्याज आटू लागले की मुद्दल राखण्याच्या खटपटीस लागतात. भांडवल हाती असतानाच ते ज्यातून फारशा नफ्याची आशा नाही अशा कामी लावणारा नट विरळा. अमोल पालेकर हे अशा विरळांपैकी एक.

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी पालेकरांचे नाव काढले, तर लोकांना आठवतो तो 'छोटी सी बात'मधील (१९७६) बसच्या रांगेत उभा असलेला भिडस्त कारकून, 'घरौंदा'मधील (१९७७) घराच्या शोधात पिचलेला नोकरदार किंवा 'गोलमाल'मध्ये (१९७९) मिशीच्या आधाराने नोकरी टिकविणारा रामप्रसाद. दहाजणांना एकट्याने लोळविणाऱ्या नायकांच्या त्या काळात हा माणूस प्रेक्षकांना आपल्या कचेरीतला वाटला. तो तसा वाटावा यात नवल नव्हते. चित्रकलेचे शिक्षण घेऊन बँकेत नोकरी करीत करीतच पालेकर प्रायोगिक रंगभूमीवर आले होते.

याच भूमिका त्यांना आणखी कित्येक वर्षे करता आल्या असत्या. परंतु १९८१ मध्ये त्यांनी 'आक्रीत' दिग्दर्शित केला. त्याला आधार होता तो आपल्या मराठवाड्यातील मानवतच्या हत्याकांडाचा. १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभापायी आणि अंधश्रद्धेपायी तेथे स्त्रियांचे आणि कोवळ्या मुलींचे बळी गेले. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि पालेकरांनी केवळ दिग्दर्शन न करता त्या कृत्यांना जबाबदार असलेल्या पुरुषाची भूमिकाही स्वतःकडे घेतली. ज्या चेहऱ्यावर घराघरांतून माया केली जात होती, तोच चेहरा त्यांनी क्रौर्याला दिला. लोकप्रियता पणाला लावणे म्हणतात ते हेच.

पुढील वाटचालीतही हा धागा तुटलेला दिसत नाही. 'अनकही' (१९८५) हा चिं. त्र्यं. खानोलकरांच्या नाटकावरचा. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरील 'बनगरवाडी'चा (१९९५) नायक आहे एकशिक्षकी शाळेचा तरुण मास्तर. मेंढपाळांच्या वाडीचा विश्वास तो संपादन करतो आणि अखेर दुष्काळाने ओस पडणारी तीच वाडी त्याला पाहावी लागते. 'ध्यासपर्व' (२००१) हा र. धों. कर्व्यांवरचा. संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावूनही कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. या दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. एकीकडे कारकून, दुसरीकडे मास्तर आणि प्राध्यापक: मध्यमवर्गाने ज्याच्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहिले त्या नटाने दिग्दर्शक म्हणून त्याच वर्गाला विचारले की, नोकरी आणि विवेक यांत निवड करण्याची वेळ आली, तर तुम्ही काय कराल?

पालेकर बाजारपेठेचे शत्रू होते असे मात्र समजू नये. विजयदान देथांच्या कथेवरील 'पहेली'साठी (२००५) त्यांनी शाहरूख खानसारख्या तारकाला घेतले आणि तो चित्रपट ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून गेला. मोठे साधन मिळाले तर ते वापरावे, न मिळाले तर थोडक्यात भागवावे, पण विषय आपला असावा, एवढीच त्यांची अट दिसते. २०२४ मध्ये 'ऐवज' हे स्मृतिकथन लिहून त्यांनी या प्रवासाचा हिशेब वाचकांपुढे ठेवला.

खेद एवढाच की, या हिशेबातील जमेची बाजू आपल्यापर्यंत पुरती पोहोचलीच नाही. 'गोलमाल' दूरचित्रवाणीवर कितीदा पाहिला हे कोणी सांगू शकणार नाही. 'आक्रीत' मात्र ज्या मराठवाड्याची व्यथा सांगतो, तेथील किती तालुक्यांनी तो पाहिला असेल? असे चित्रपट निघाले की त्यांना पारितोषिके देऊन आपण मोकळे होतो. ते दाखविण्याची व्यवस्था करणे हे जणू कोणाचेच काम नाही. महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांनी आणि शिक्षकांनी मनावर घेतले, तर वर्षातून दोन-तीन चित्रपट रीतसर परवानगीने विद्यार्थ्यांना दाखवून त्यांवर चर्चा घडविणे अवघड नाही. नटाने आपली लोकप्रियता खर्चून जे मिळविले, ते पाहण्यासाठी आपण एक संध्याकाळही खर्चू नये काय?