पास्कलमधील ‘बदलणारा स्थिरांक’ : एक परिभाषाविचार

निक्लाउस विर्थ यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पास्कल या संगणकभाषेत ‘स्थिरांक’ आणि ‘चल’ यांतील भेद स्पष्ट आहे. स्थिरांकाचे मूल्य घोषणेतच निश्चित होते. चलाचे केवळ नाव व प्रकार सांगितले जातात. प्रोसीजरमध्ये घोषित केलेला चल तिच्या प्रत्येक वापराच्या वेळी नव्याने निर्माण होतो व ती संपताच लोप पावतो.

समजा, एका प्रोसीजरने पावतीचा पुढचा क्रमांक द्यावयाचा आहे. त्यासाठी मागील क्रमांक स्मरणात राहिला पाहिजे. तो सर्वव्यापी चलात ठेवल्यास प्रोग्रॅमचा कोणताही भाग तो बदलू शकेल. अल्गोल 60 मध्ये अशा प्रयोजनासाठी ‘ओन’ चल होते; मानक पास्कलमध्ये ती सोय नाही.

टर्बो पास्कलने ही उणीव ‘टाइप्ड कॉन्स्टंट’द्वारे भरून काढली. प्रोसीजरमध्ये ‘कॉन्स्ट क्रमांक: इंटीजर = 0;’ अशी घोषणा केली, की शून्य हे मूल्य एकदाच, प्रारंभी मिळते; त्यानंतर ‘क्रमांक := क्रमांक + 1’ हे विधान प्रत्येक वेळी मागील मूल्यात भर घालते. नावाची व्याप्ती प्रोसीजरपुरती, परंतु मूल्याचे आयुष्य संपूर्ण प्रोग्रॅमइतके, हे याचे मर्म होय. मात्र प्रोसीजर स्वतःलाच पुन्हा बोलावीत असेल, तर त्या सर्व आवर्तनांत हे मूल्य सामाईक राहते, याचे भान ठेवावे लागते.

येथे संज्ञा आणि आशय परस्परविरुद्ध दिशांना जातात. म्हणावयाचे ‘स्थिरांक’, वर्तन मात्र चलाचे. म्हणूनच टर्बो पास्कलमध्ये त्याचा उपयोग अॅरेची मर्यादा ठरविण्यासाठी करता येत नाही. फ्री पास्कल व डेल्फी यांत ‘जे’ हा निर्देश बंद केल्यास असे मूल्य खरोखरच अपरिवर्तनीय होते. उलट, फ्री पास्कलमध्ये प्रोसीजरमधील ‘व्हार’ घोषणेत दिलेले प्रारंभमूल्य प्रत्येक वापराच्या वेळी पुन्हा दिले जाते. प्रारंभमूल्य असणे आणि मूल्य टिकून राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

मराठीत ही गुंतागुंत अधिकच वाढते. कारण ‘कॉन्स्टंट’ आणि ‘स्टॅटिक’ या दोहोंसाठी ‘स्थिर’ हाच शब्द सहज सुचतो. पहिल्यात मूल्य स्थिर असते, दुसऱ्यात केवळ स्मृतीतील जागा. म्हणून प्रस्तुत संकल्पनेस ‘प्रारंभमूल्ययुक्त स्थायी चल’ म्हणणे अधिक युक्त ठरेल. परिभाषा घडविताना मूळ शब्दाच्या पेहरावापेक्षा वस्तूच्या वर्तनाशी इमान राखणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थी संज्ञा पाठ करील, आणि प्रोग्रॅम त्याला चकवील.