हत्तीचा दुखरा पाय
(लेखमाला : सोबतचे प्राणी, लेखांक ९)

मे महिन्यातल्या दुपारी इथं खुर्सीपारच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी दहा पावलं चाललं, तरी तळवे पोळतात. अशाच रस्त्यांवरून माणसाच्या हौसेपायी हत्तींना चालवलं गेलं आहे.

हत्तीचं पाऊल खांबासारखं दिसतं, पण आतून तो जवळजवळ बोटांच्या टोकांवर उभा असतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असते. भार पडला की पाऊल पसरतं, उचललं की आकसतं. जंगलात रोजच्या चालण्यानं नखं आणि तळवा झिजतात, तेवढेच पुन्हा वाढतात. सिमेंटवर साखळीनं बांधलेल्या हत्तीचं हे गणित बिघडतं. नखं वाढतात, त्यांना चिरा जातात, चिरांमधून शेण-मूत शिरतं आणि पाय कुजायला लागतो. कूज हाडापर्यंत गेली, तर जिवावरच बेतते.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण आठवा. गावाची माधुरी. १९९२ पासून ती मठात होती. वाढलेली नखं, पायाची कूज, अंगावरच्या जखमा यांची नोंद न्यायालयापुढे आली आणि जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात नेलं. तिच्यासाठी रडलेल्या गावाची माया खोटी नव्हती, असं मी मनापासून मानतो. पण सांधे झिजलेल्या हत्तिणीला मायेइतकीच पायाखाली मऊ मातीही लागते.

असा पाय एकदा औषध देऊन बरा होत नाही. सांधेदुखी तर आयुष्यभराची. हत्तिणीनं माहुताच्या हाकेसरशी पाय उचलून आडव्या दांड्यावर ठेवायचा, हे शिकवायलाच कितीतरी दिवस जातात. मग तळवा घासून धुवायचा, खडे काढायचे, नखाच्या कडेनं बोट दाबत जायचं. जिथं गरम लागतं, जिथं दाबल्यावर ती पाय झटकन ओढून घेते, तिथं बहुधा पू असतो. मेलेला भाग कानशीनं, चाकूनं थोडाथोडाच काढायचा. घाई केली की रक्त येतं आणि दुसऱ्या दिवशी ती पाय देत नाही. मग औषधी पाण्यात पाय बुडवून ठेवायचा. नैवेद्याची गूळ-केळीही आवरावी लागतात, कारण वाढलेलं वजन त्याच पायांवर येतं. खोल पाण्यात उभं केलं, तर सांध्यांवरचा भार तेवढा वेळ हलका होतो.

चांगल्या पायांचीही काळजी घ्यावी लागते, कारण दुखऱ्या पायाचा भार तेच उचलतात. थायलंडमधल्या मोताला या हत्तिणीचा पाय १९९९ मध्ये सुरुंगानं उडाला. तिला कायमचा कृत्रिम पाय मिळाला तो २००९ मध्ये. मधल्या काळात बराचसा भार उरलेल्या तीन पायांनीच उचलला.

पाय दुखणारी हत्तीण आडवी व्हायला भिते. उठता आलं नाही तर? म्हणून तिच्यासाठी वाळूचा उतरता ढीग घालतात, टेकून झोपायला. सकाळी माहूत आधी तिची कूस पाहतो. कुशीला वाळू लागलेली असली, तर रात्री ती झोपली होती.