लहान कॅबिनेटमधील जलशीतन : खरेदीपूर्वीचे मोजमाप

संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता फिरत्या पाण्याच्या साह्याने बाहेर टाकण्याच्या पद्धतीस जलशीतन म्हणतात. कल्पना नवी नाही. १९८५ मधील क्रे-२ या महासंगणकाचे विद्युत भाग विद्युतरोधी द्रवात बुडवलेले होते, तर २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी-५ च्या वेगवान प्रतिमानात द्रवशीतनाचा अवलंब केला. आता सुटे भाग विकत घेऊन स्वतःचा लूप, म्हणजे पाण्याचा बंदिस्त मार्ग, जुळवणारे हौशी वापरकर्तेही पुष्कळ आहेत. मात्र पहिलाच प्रयोग लहान कॅबिनेटमध्ये करावयाचा असल्यास चुकीला फारशी जागा उरत नाही. पाण्याची गळती झाल्यास संगणकातील सर्वांत महागडा भाग, ग्राफिक्स कार्ड, निकामी होऊ शकतो. शिवाय बहुतेक चुका स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वीच, भागांची खरेदी करताना घडतात.

लूपची रचना सोपी आहे. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डावर बसवलेल्या धातूच्या वॉटर ब्लॉकमधून पाणी उष्णता घेते, रेडिएटरमध्ये पंख्यांच्या वाऱ्याने ती हवेत सोडते आणि टाकी व पंप यांच्यामार्गे पुन्हा ब्लॉककडे येते. कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, यावर नवखे लोक तासन्तास वाद घालतात. तो बहुतांशी व्यर्थ आहे. प्रोसेसरची १२० वॅट व कार्डाची २०० वॅट अशी ३२० वॅट उष्णता धरली आणि पाणी मिनिटाला २ लिटर वेगाने वाहत असले, तर संपूर्ण फेरीत त्याचे तापमान सुमारे २.३ अंशांनीच वाढते. म्हणून नळ्यांचा मार्ग जेथे सरळ आणि आखूड होईल तोच क्रम योग्य. अपवाद एकच : टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्याहून उंचीवर असावी. पंपाच्या बेअरिंगला पाण्याचेच वंगण मिळते, त्यामुळे तो क्षणभरही कोरडा चालवू नये.

नियोजनाचे खरे काम मोजपट्टीचे आहे. कूलर मास्टर कंपनीचे २०२० मध्ये बाजारात आलेले एनआर-२०० हे कॅबिनेट उदाहरणादाखल घेता येईल. त्याचे आकारमान १८.२५ लिटर असून त्यात १७० मिलिमीटर लांबी-रुंदीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणि लहान आकाराचा एसएमपीएस बसतो. त्याच्या बाजूच्या पट्टीवर २८० मिलिमीटरपर्यंतचा आणि तळाशी २४० मिलिमीटरचा रेडिएटर लावण्याची सोय आहे. कागदावर हे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात पातळ रेडिएटरही सुमारे २७ ते ३० मिलिमीटर जाड असतो, नेहमीचा पंखा २५ मिलिमीटरचा, म्हणजे एकत्रित जाडी सुमारे ५५ मिलिमीटर झाली. त्यावर रेडिएटरच्या टोकाचा भाग, फिटिंग आणि वळणारी नळी यांची जागा वेगळी मोजावी लागते. विक्रेत्याच्या पानावर '२४० मिलिमीटर रेडिएटर बसतो' असे लिहिलेले असते, तेव्हा ही जागा त्यात क्वचितच धरलेली असते. बाजूला रेडिएटर बसवल्यास काचेचे झाकणही सोडून द्यावे लागते, कारण काचेतून हवा येत नाही.

अशा कॅबिनेटमध्ये एक गोष्ट वापरकर्त्याच्या बाजूने असते. ग्राफिक्स कार्डाचा मूळ पंख्यांचा संच बहुधा दोन ते तीन स्लॉट, म्हणजे ४० ते ६० मिलिमीटर जागा व्यापतो. तो काढून वॉटर ब्लॉक बसवला की कार्ड बरेच सडपातळ होते आणि तळाच्या रेडिएटरला हवी असलेली जागा तेथेच मोकळी होते. परंतु ब्लॉक त्या विशिष्ट कार्डाच्याच मंडलासाठी घडवलेला असावा लागतो. एकाच नावाच्या चिपची, पण निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे आतून भिन्न असतात. म्हणून ब्लॉक उपलब्ध असल्याची खात्री करूनच कार्ड निवडावे. मूळ संच काढल्याने वॉरंटी रद्द होते का, हेही संबंधित कंपनीच्या अटींत आधीच वाचावे.

टाकीसह पंपाला जागाच नसेल तर प्रोसेसरच्या ब्लॉकवर पंप जोडलेला एकत्रित भाग मिळतो. नळीबाबत सल्ला द्यायचा तर पहिल्या लूपसाठी मऊ नळी घ्यावी. आतून १० व बाहेरून १६ मिलिमीटर व्यासाची जाड नळी आखूड वळणावरही सहसा चिमटत नाही. ताठ नळ्या देखण्या दिसतात खऱ्या, पण चुकीच्या कोनात वाकलेली नळी बहुधा टाकूनच द्यावी लागते. फिटिंगचा हिशेबही आधी करावा : दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि टाकीसह पंप, प्रत्येकास दोन तोंडे, म्हणजे किमान १० फिटिंग. काटकोनी जोड आणि सर्वांत खालच्या बिंदूवरील निचऱ्याची तोटी त्याशिवाय. तोटी वगळण्याचा मोह टाळलेला बरा. पुढे कधी मेमरी बदलायची झाली तरी तिची आठवण येते.

धातूंची निवड दिसत नाही, पण हानी मोठी करते. तांबे, पितळ व निकेल एकत्र चालतात. ॲल्युमिनियम त्यांच्यासोबत आल्यास विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते. तयार जलशीतन संचांतील रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, म्हणून जुन्या संचातील रेडिएटर येथे वापरू नये. नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी क्षारांमुळे वर्ज्य, आणि आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे. गंजरोधक व शेवाळरोधक घटक असलेले तयार शीतक वापरणे सोयीचे. त्यात इथिलीन ग्लायकॉल असल्यास ते विषारी असते, त्यामुळे बाटली मुलांपासून व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावी.

भारतातील उन्हाळा हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. लूपमधील पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे मुंबई वा कोकणातील दमट हवेतही नळ्यांवर दव साचण्याची भीती नसते. मात्र नागपूर किंवा चंद्रपूरमध्ये खोलीचे तापमान ४० अंश असेल आणि पाणी त्याहून १५ अंशांनी तापले, तर ते ५५ अंशांवर पोहोचते. प्रचलित डी-५ पंपाची मर्यादा ६० अंश आहे. म्हणून रेडिएटरचा हिशेब जानेवारीच्या नव्हे, तर मे महिन्याच्या तापमानावर करावा आणि पाण्यात तापमापक ठेवून पंख्यांचा वेग त्याच्याशी जोडावा.

जोडणी पूर्ण झाल्यावर प्रथम हवेच्या दाबाने चाचणी घ्यावी. सुमारे अर्धा बार दाब काही मिनिटे स्थिर राहिला तरच पाणी भरावे. त्यानंतर मदरबोर्ड व कार्ड यांना वीज न देता, एसएमपीएसवर जंपर लावून केवळ पंप चालवावा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवावा. कॅबिनेट हळूहळू तिरके केले की अडकलेले बुडबुडे टाकीत येतात, पाण्याची पातळी खाली जाते आणि पुन्हा भर घालावी लागते. लहान कॅबिनेटमधील लहान टाकीत ही भर अनेकदा घालावी लागते. टिश्यू पेपर काही तास कोरडे राहिले, तरच इतर भागांच्या वीजतारा जोडाव्यात.